मागच्या सीटवरून ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं

पत्र

ताई, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. हे बेळगावला उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहेत. लग्नाला चार वर्षं झाली. यांनी हप्त्यावर ३५० सीसीची बुलेट घेतली तेव्हापासून सुट्टी मिळाली की आम्ही दोघं बाहेर. मला आवडतं, खोटं कशाला सांगू.

गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत पाच दिवसांचा बेत केला. जांबोटी, चोर्ला घाटाने गोवा, मग कारवार, गोकर्ण, मुर्डेश्वर आणि सिरसी-यल्लापूर-हल्याळ करून परत. कारवारच्या खोलीचे पैसे आधीच भरले होते. घरातून निघायलाच अकरा वाजले. कणकुंबीच्या आधी आभाळ भरून आलं. मी म्हटलं, टपरीत चहा घेऊया, बघूया काय होतंय. हे म्हणाले, ‘कशाला घाबरायलीस? सर आलीय, जातीय.’ घाटात पाऊस आणि धुकं, समोरचं काही दिसेना. पुढे झाड पडून रस्ता अडलेला. दोन तास तिथंच भिजत थांबलो. मग यांनी गाडी वळवली. मला वाटलं घरी चाललो. जांबोटीला गाडी खानापूरकडे वळली तेव्हा विचारलं, तर म्हणाले अनमोडने जायचं ठरलंय. कुणी ठरवलं? यांनीच, हेल्मेटच्या आत. रामनगर सोडलं तेव्हा अंधार पडत होता. अनमोडच्या जंगलात रस्त्यावर गवा उभा. ब्रेक मारल्यावर गाडी सरकली, थोडक्यात वाचलो. त्याआधी किती वेळ मी थांबा थांबा म्हणत होते, पाठीवर मारत होते. रात्री साडेदहाला फोंड्यात मिळेल त्या लॉजवर उतरलो. कारवारचे पैसे गेले ते गेलेच. येतानाही सिरसीऐवजी अंकोल्याहून यल्लापूरचा रस्ता धरला, ते मला अरबैल घाटाचा फलक दिसल्यावर समजलं.

घरी आल्यावर बरेच दिवस आम्ही धड बोललो नाही. आता या दसऱ्याला आंबोली, सावंतवाडी, मालवण म्हणतायत. मी ‘बघूया’ म्हटलं तर म्हणाले, ‘तुला भीती वाटत असेल तर मी मित्राला घेऊन जातो.’ सासूबाई म्हणतात, बरं झालं, तू जाऊच नकोस. ताई, मला जायचंय. पण तसं नाही जायचं. काय करू?

— मागे बसणारी

उत्तर

जा. पण तुम्ही म्हणता तसंच, ‘तसं नाही’. आणि कसं जायचं हे निघायच्या आधी, घरात, दोघांनी बसून ठरवा. गाडीवर बसल्यावर ते ठरत नाही. वाऱ्यात ऐकू येत नाही आणि चालवणाऱ्याच्या हातात गाडी असते, त्यामुळे त्याचंच खरं होतं.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पाऊस, धुकं, गवा हे सगळं भीतीदायक आहे. पण तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य वेगळंच आहे: ‘कुणी ठरवलं? यांनीच, हेल्मेटच्या आत.’ म्हणून तुम्हाला भित्री म्हणणं मला मान्य नाही. भित्री बाई गोकर्ण-मुर्डेश्वरच्या वाटेला लागत नाही आणि एवढं झाल्यावर ‘मला जायचंय’ असं लिहीत नाही. तुमचा जीव ज्या गाडीवर आहे ती कुठे चालली आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. त्याचा राग येणं रास्त आहे. तो राग आहे, भीती नाही, हे तुमच्या यजमानांना कळलं की पुढचं बोलणं सोपं होईल.

आता त्यांच्या बाजूचंही जे खरं आहे ते सांगते. चोर्ल्यात झाड पडलेलं पाहून गाडी वळवली, ते अगदी बरोबर केलं. रस्ता बदलणं हा प्रवासातला दोष नव्हेच. पश्चिम घाटाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला रस्ता बदलता आलाच पाहिजे. चूक झाली ती पुढे. जांबोटीला परत आलात तेव्हा दुपार सरत आली असणार, कपडे भिजलेले, दोन तास उभं राहून पाय आखडलेले. तिथून खानापूर, लोंढा, रामनगर आणि मग अनमोड. ऑक्टोबरात आपल्याकडे सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, दाट झाडीत त्याच्याही आधी काळोख होतो. म्हणजे घाटात रात्र होणार हे जांबोटीच्या तिठ्यावरच स्पष्ट होतं. मग एवढा शहाणासुरता माणूस का गेला? मला तुमच्या पत्रातलं एक वाक्य उत्तरासारखं वाटतं. कारवारच्या खोलीचे पैसे भरलेले होते.

हे मी फार ठिकाणी पाहते. खोलीचा ॲडव्हान्स, मोजून घेतलेली रजा, सोमवारची पहिली शिफ्ट, मित्रांना आधीच सांगून ठेवलेलं ‘आज कारवारला मुक्काम’. या गोष्टी पावसापेक्षा जास्त जोराने माणसाला पुढे ढकलतात. हजार-दीड हजार रुपये वाचवायला दोन जीव रात्रीच्या जंगलात जातात. त्यांना कुणी सरळ विचारलं असतं की एवढ्या पैशांसाठी बायकोला गव्यासमोर नेशील का, तर ते संतापले असते. पण तसं कुणी विचारत नाही, तेही स्वतःला विचारत नाहीत. म्हणून बेत आखतानाच तो सैल ठेवा. पाच दिवसांची रजा असेल तर चार दिवसांचा प्रवास करा, पाचवा दिवस रस्त्यासाठी सोडा. फक्त पहिल्या रात्रीची खोली ठरवा, तीही पैसे परत मिळतील अशी. आणि एका पाकिटात वेगळी रक्कम ठेवा, वाटेत अचानक कुठेही मुक्काम करावा लागला तर वापरायची. ते पाकीट तुमच्या पर्समध्ये असू द्या. खर्च झाले तर वाईट वाटून घ्यायचं नाही, ते त्यासाठीच आहेत.

मागे बसणं म्हणजे काय असतं, हे चालवणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतं. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, तो अंग सावरून घेतो. मागच्याला खड्डा कळतो तो थेट कमरेत. वळण येणार, ब्रेक लागणार, ओव्हरटेक होणार, यातलं काहीच त्याला आधी समजत नाही. मागच्या चाकाचं पाणी पाठीवर उडतं ते वेगळंच. हातात ना ब्रेक, ना हँडल. अशा वेळी मेंदू दुप्पट सावध असतो आणि म्हणूनच कितीतरी वेळा धोका मागच्या सीटला आधी जाणवतो. कणकुंबीच्या आधी आभाळ तुम्ही वाचलंत, त्यांनी नाही वाचलं. त्यांचं लक्ष रस्त्यावर होतं, तुम्ही वर पाहू शकत होतात. एका गाडीवर दोन माणसं असण्याचा हा मोठा फायदा आहे आणि तो तुम्ही दोघांनी त्या दिवशी वाया घालवला.

म्हणून पहिला करार हा करा. दोघांपैकी कुणीही ‘थांब’ म्हटलं की गाडी थांबते. पहिल्या सुरक्षित जागी, कडेला, हॉटेलपाशी, बसथांब्यावर. का, कशाला, थोडंच राहिलंय की, हे सगळं थांबल्यानंतर बोलायचं. पुढे जायला दोघांचा होकार लागतो, थांबायला एकाचा पुरतो. हे तुम्ही दोघांनी एकमेकांसाठी पाळायचं आहे. त्यांना झोप आली, डोळे जड झाले, तर त्यांनीही लाज न बाळगता थांबायला हवं आणि तुम्ही ‘आता तासाभराचं तर राहिलंय’ म्हणायचं नाही.

घाटात ओरडून काही कळत नाही, म्हणून खुणा ठरवा. डाव्या खांद्यावर एक थाप म्हणजे हळू घ्या, सलग दोन म्हणजे थांबा. त्याहून जास्त खुणा नकोत, विसरायला होतात. तुम्ही पाठीवर मारत होतात असं लिहिलंय. त्यांना ते घाबरल्याचं मारणं वाटलं असेल, निरोप वाटला नसेल. आधी ठरलेली थाप असेल तर असा गैरसमज होत नाही. हेल्मेटमध्ये बसवायचा इंटरकॉम मिळतो, परवडत असेल तर जरूर घ्या. थोडी बचत करून घेण्यासारखी ती वस्तू आहे.

दुसरं, रस्ता तुमच्या ताब्यात घ्या. नकाशा आदल्या दिवशी फोनवर उतरवून ठेवा, कारण कणकुंबीच्या पुढे किंवा अनमोडात रेंजचा भरवसा नाही. शिवाय एका कागदावर गावांची नावं, पेट्रोल पंप, मुक्कामाच्या जागा लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. शाळेच्या सहलीचं नियोजन तुम्ही करत असालच, तुम्हाला हे जड नाही. गाडी ते चालवतील, वाट तुम्ही सांगाल. फक्त घाटात फोनमध्ये डोकं घालू नका. तिथे दोघांचंही लक्ष रस्त्यावर हवं.

आणि रस्ता बदलायचा की नाही हे कुठे ठरवायचं, त्या जागा आधी नक्की करा. आपल्या भागात हे फार महत्त्वाचं आहे, कारण घाटाची वाट एकदा धरली की मध्येच मागे फिरणं अवघड असतं. चोर्ल्याने जाताना जांबोटी आणि कणकुंबी, या दोन जागा. कणकुंबीला उतरून हेल्मेट काढून दहा मिनिटं बसायचंच, ऊन असलं तरी. अनमोडने जाताना खानापूर, लोंढा, रामनगर. तुमच्या या वेळच्या आंबोलीच्या वाटेवर शिनोळी, पाटणे फाटा, मग थेट आंबोली गाव. आंबोलीत घाट उतरण्याआधी थांबा. तिथे धुकं दाट असेल तर वाट पाहा, नाहीतर तिथेच मुक्काम करा. घाट बंद आहे असं कळलं तर कुणीतरी सांगेल की तिलारीने उतरा. पावसात दोघं आणि सामान घेऊन तो मोह टाळा. तिलारीचा उतार फार तीव्र आहे, वळणं अरुंद आहेत. परत फिरा, बेळगाव काही लांब नाही.

अशा जागी माहिती कुणाकडून घ्यायची? समोरून घाट चढून आलेल्या माणसाकडून. चोर्ल्याच्या वाटेवर पणजीहून आलेल्या कदंबाचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचा ड्रायव्हर, आंबोलीच्या वाटेवर सावंतवाडीहून आलेला एसटीचा ड्रायव्हर. अर्ध्या तासापूर्वी त्याने जे पाहिलं ते कुठल्याच ॲपमध्ये नसतं. झाड पडलंय का, दरड आलीय का, एकेरी वाहतूक आहे का, तो नेमकं सांगतो.

आता हवामान. इथे बेळगावकरांना एक अशी सोय आहे जी फार थोड्या शहरांना आहे आणि आपण ती वापरत नाही. आंबोलीत वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बेळगाव शहरात तो १,३०० च्या आगेमागे उतरतो. अथणी-रायबागकडे ६०० गाठतानाही मारामार. शंभर-दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात एवढा फरक. कणकुंबी आणि अथणी एकाच जिल्ह्यात आहेत, म्हणून ‘बेळगाव जिल्ह्यात मुसळधार’ ही बातमी ऐकून तुमच्या वाटेबद्दल काहीच कळत नाही. कुठल्या तालुक्यात, हे पाहा. कर्नाटकाचं नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्र होबळीपर्यंतची, म्हणजे तालुक्यातल्या गावांच्या एकेका गटापर्यंतची पावसाची माहिती देतं. हवामान खात्याच्या साइटवर पणजीच्या रडारचं चित्र असतं, समुद्राकडून ढग येतायत का ते त्यात दिसतं.

याचा उपयोग असा करा. एका सहलीचे दोन बेत करा, एक पश्चिमेचा, एक पूर्वेचा. पश्चिमेचा तुमचा ठरलेलाच आहे, आंबोली-सावंतवाडी-मालवण. पूर्वेचा सौंदत्ती, मग रामदुर्गच्या बाजूने बदामी, तिथून पट्टदकल आणि ऐहोळे, येताना गोकाकचा धबधबा. निघायच्या आदल्या संध्याकाळी दोघांनी बसून बघायचं. सिंधुदुर्ग-कोल्हापूरला ऑरेंज किंवा रेड इशारा असेल तर गाडीचं तोंड पूर्वेला. यात माघार घेतल्यासारखं काही नाही. बदामीला सहाव्या शतकातली लेणी आहेत. पट्टदकलच्या देवळांना १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मालवणच्या बदल्यात हे मिळत असेल तर कुणाचं काय बिघडलं? शाळेत चालुक्यांचा धडा शिकवणाऱ्या बाईंना तर मी आधी पूर्वेलाच पाठवीन.

पण पूर्वेला ऊन आहे म्हणजे सगळं निर्धास्त असंही समजू नका. मलप्रभा उगम पावते कणकुंबीला, तुमच्या खानापुरावरून वाहत जाते आणि सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणातून पुढे रामदुर्ग, बदामी तालुक्यात शिरते. पाऊस पश्चिमेला पडतो आणि पाणी पूर्वेला चढतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पट्टदकलच्या देवळांपर्यंत मलप्रभेचं पाणी आलं होतं. म्हणून पूर्वेला जातानाही धरणातून पाणी सोडलंय का हे आधी विचारा. आणि त्या भागातली काळी माती ओली झाली की ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर येते. पावसानंतर शेताच्या फाट्यापाशी वेग कमी ठेवा. तिथे ब्रेक मारला की मागचं चाक सरकतंच.

निपाणी-चिकोडीकडचे वाचकही हे सदर वाचतात, त्यांच्यासाठी मध्येच एक गोष्ट. वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णेवरचे कमी उंचीचे पूल, म्हणजे जत्राट-भिवशी, कारदगा-भोज, कल्लोळ-यडूर वगैरे, दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात. पुलावरून पाणी वाहत असेल तर बुलेट घालू नका, मग तुमच्या पुढे दहा जण गेलेले असोत. गुडघाभर वाहतं पाणी गाडीसकट दोघांना ढकलून नेऊ शकतं आणि खालचा रस्ता खचलाय की शाबूत आहे हे वरून दिसत नाही. आणि दिवाळीनंतर त्या भागात ऊस सुरू होतो. मागे लाल दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या संध्याकाळच्या धुरकट उजेडात शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत. त्या दिवसांत तिकडे अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा.

परत तुमच्याकडे येते. दसऱ्याच्या सुमाराचा पाऊस हा परतीचा असतो आणि त्याची चाल जुलैतल्या पावसाहून वेगळी. जुलैत दिवसभर लागून राहतो, तेव्हा वेळ बदलून फारसं काही साधत नाही. ऑक्टोबरात मात्र सकाळ बहुधा स्वच्छ, दुपारनंतर ढग जमतात आणि तीन-चारच्या पुढे गडगडाट करत कोसळतो. अकराला निघालात तेव्हाच तुमचा तो दिवस अर्धा हातचा गेला होता. सकाळी सहाला गाडी सुरू झाली पाहिजे. आंबोली ओलांडून घाट उतरणं दहापर्यंत व्हावं, तीनच्या आत मुक्काम. ‘एवढ्या लवकर पोहोचून काय करायचं?’ असं ते म्हणतील. समुद्र पाहायचा, जेवायचं, झोपायचं. सहल त्यासाठीच असते ना?

विजेची मात्र खरी भीती बाळगा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, गाडी थांबवून पक्क्या इमारतीत जा. देऊळ, शाळा, पंपावरचं ऑफिस, काहीही चालेल. झाडाखाली नको, माळावरच्या एकट्या पत्र्याच्या शेडखाली नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच बसा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं ॲप आहे, आसपास वीज कुठे पडतेय हे ते दाखवतं. ते तुमच्या फोनमध्ये असू द्या.

गाडीबद्दल त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं, मशीन शॉपमधला माणूस आहे. तरी दोन-तीन गोष्टी. दोघं आणि सामान असेल तेव्हा मागच्या टायरमध्ये हवा जास्त लागते, कंपनीने तो आकडा वेगळा दिलेला असतो. पावसात भिजल्यावर त्या रात्रीच चेनला तेल द्यायला हवं. आणि कोरड्या रस्त्यावर पहिला पाऊस पडतो तेव्हा पहिली पंधरा-वीस मिनिटं रस्ता सगळ्यात निसरडा असतो, कारण सांडलेलं तेल वर तरंगतं. ‘सर आलीय, जातीय’ म्हणून दामटायची नेमकी ती वेळ नव्हे, ती टपरीत चहा प्यायची वेळ आहे. तुम्ही कणकुंबीला जे सुचवत होतात ते गाडीच्या हिशेबानेही बरोबर होतं.

तुमच्यासाठी: पँट-शर्टासारखा दोन भागांचा रेनसूट घ्या, झग्यासारखा नको, त्यात वारा भरतो. ओढणी गाडीवर नकोच, चेन आणि स्पोकमध्ये अडकून झालेले अपघात आपण सगळ्यांनी ऐकलेत. हेल्मेट तुमचंही आयएसआय खुणेचं आणि पट्टा लावलेलं. कायद्याने ते मागच्यालाही सक्तीचं आहे. गावातून निघताना पुष्कळ बायका ते कोपरात अडकवून बसतात, तसं करू नका.

आता हे सगळं त्यांना सांगायचं कधी? निघायच्या आदल्या रात्री नाही, आणि भांडणाला धरूनही नाही. एखाद्या रविवारी जेवण झाल्यावर नकाशा पसरून बसा आणि अनमोडचा विषय तुम्हीच काढा. सुरुवात अशी करा: ‘मला तुमच्याबरोबर यायचंय. मित्राबरोबर जाऊ नका. पण त्या दिवशी कुठे चाललोय हे मला कळत नव्हतं, ते परत नको.’ मग गप्प बसा, त्यांना बोलू द्या. त्या रात्री तेही घाबरलेले असणार. मागे बायको आणि समोर गवा, अशा वेळी चालवणाऱ्याच्या पोटात काय होतं ते तो घरी आल्यावर कुणाला सांगत नाही. बरेच दिवस अबोला धरला तो कदाचित त्यामुळेच.

आणि दादा, हे पत्र त्या तुम्हाला वाचायला देतील असं धरून तुमच्याशीही बोलते. ‘तुला भीती वाटत असेल तर मी मित्राला घेऊन जातो’ हे वाक्य मागे घ्या. तिने बुलेट नको म्हटलं नाही, घाट नको म्हटलं नाही, पाऊससुद्धा नको म्हटलं नाही. तिने एका टपरीत चहा मागितला आणि वाट बदलताना विचारा एवढं म्हटलं. गाडीवर मागे कुणी नसताना तुम्ही जे धाडस करता ते तुमचं. मागे कुणी बसलं की तो निर्णय तुमच्या एकट्याचा राहत नाही. मशीन चालू असताना बाजूच्या माणसाने ‘बंद कर’ म्हटलं तर तुम्ही आधी बटण दाबता आणि मग विचारता का म्हणून. घाटातही तेच करा. जांबोटीच्या तिठ्यावर दोन मिनिटं गाडी बंद करून ‘अनमोडने जाऊया का, की घरी?’ एवढं विचारलं असतं, तर कदाचित ती खानापुरात ओळखीच्या कुणाकडे राहून सकाळी निघूया म्हणाली असती आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी कारवारला समुद्रात पाय सोडून बसला असता.

सासूबाईंचं म्हणणं बाजूला सारू नका. त्यांची काळजी खरी आहे, फक्त तिचं उत्तर घरी बसणं नव्हे. ज्या जागी थांबायचं ठरवलंत, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी, तिथून प्रत्येक वेळी त्यांना फोन करा. कागदाची एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. पाटण्याहून फोन आला आणि दुपारपर्यंत सावंतवाडीचा आला नाही, तर कुठे चौकशी करायची हे घरच्यांना माहीत असेल. त्यांना विचारात घेतलंत तर पुढच्या वेळी ‘जाऊ नकोस’च्या जागी ‘पोहोचल्यावर सांग’ येईल.

एक तयारी मात्र दसऱ्याच्या आधी करा. एका रविवारी सकाळी नंदगड, हलशी, देगाव असं हिंडून या. तुमच्याच भागातलं आहे, संगोळ्ळी रायण्णांना १८३१ मध्ये जिथे फाशी दिलं ते नंदगड, आणि हलशीचं जुनं भूवराह नरसिंहाचं देऊळ. दुपारच्या आत परत. त्या फेरीत खुणा वापरून बघा. काही कारण नसताना एकदा डाव्या खांद्यावर दोन थापा द्या आणि बघा गाडी थांबते का. थांबली, आणि थांबल्यावर ‘काय झालं?’ असं शांतपणे विचारलं, तर आंबोलीचा बेत पक्का करा. नाही थांबली, तर या वेळी त्यांना बुलेटवर एकटं जाऊ द्या आणि तुम्ही बेळगावच्या बसस्थानकावरून सावंतवाडीची एसटी धरा. पुढचं मालवण दोघांनी मिळून, उजेडात, सपाट रस्त्याने करा.